विधानसभा मतदारसंघाची वही: कसबा पेठेचे निकाल गोळा करायचे कसे आणि वाचायचे कसे

मतदारसंघाचा इतिहास विचारला की लोक आमदारांची नावं सांगतात. पुण्यातल्या कसबा पेठेची यादी तर तोंडपाठ असणारे खूप आहेत. १९७८ आणि १९८० ला अरविंद लेले, १९८५ ला उल्हास काळोखे, १९९० ला अण्णा जोशी, मग पोटनिवडणुकीत वसंत थोरात. १९९५ पासून सलग पाच वेळा गिरीश बापट, २०१९ ला मुक्ता टिळक, २०२३ च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर, २०२४ ला हेमंत रासने. यादी बरोबर आहे, पण ती पाठ असून मतदारसंघ कळत नाही. कोण जिंकलं एवढंच ती सांगते. समोर किती जण खऱ्या ताकदीने उभे होते आणि हरलेल्यांची मतं कुठे गेली, हे तिच्यात नाही. ते कळायला वही लागते, म्हणजे आजच्या भाषेत एक्सेल. ती कशी भरायची ते कसब्याच्या आकड्यांवरूनच दाखवतो, म्हणजे तुमच्या मतदारसंघाला तीच पद्धत लावता येईल.

आधी रेघ मारा

आकडे भरण्याआधी वहीत एक जाड रेघ मारायची: २००८. त्या वर्षी नवी मतदारसंघ पुनर्रचना लागू झाली आणि महाराष्ट्रात विधानसभेला ती पहिल्यांदा २००९ ला वापरली गेली. पुण्याचा नकाशाच बदलला. भवानी पेठ आणि बोपोडी हे मतदारसंघ गेले. कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला हे आले. कसबा पेठेचं नाव टिकलं, हद्द मात्र तीच राहिली नाही. त्यामुळे २००४ ची मतं आणि २००९ ची मतं शेजारी ठेवून 'इतकी वाढली, इतकी घटली' असं म्हणता येत नाही. बापटांचे पाच विजय एका दमात मोजले जातात. त्यातले १९९५, १९९९ आणि २००४ हे तीन रेघेच्या अलीकडचे, २००९ आणि २०१४ हे दोन पलीकडचे. पक्ष आणि माणूस तेच, मतदार सगळे तेच नव्हेत.

क्रमांकाचीही तीच गोष्ट. कसबा पेठ २१५ हा क्रमांक २००९ पासूनचा. पूर्वी राज्याची मोजणी कोकणातून सुरू व्हायची, आता ती नंदुरबारकडून, अक्कलकुव्यापासून सुरू होते. जुन्या अहवालात २१५ शोधलात तर भलताच मतदारसंघ हाती लागेल. रेघेच्या अलीकडे नावाने शोधा, पलीकडे क्रमांकाने.

दुसरी, थोडी बारीक रेघ १९८५ आणि १९९० च्या मध्ये. १९८९ ला ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. मतदारसंख्या एकदम फुगलेली दिसते, ती लोकवस्तीमुळे नव्हे. मोठा मतदार आकडा बघून 'शहर वाढलं' असं लिहिणाऱ्यांची हमखास गफलत इथे होते.

निकाल कुठून घ्यायचे

तीन ठिकाणं पुरतात. पहिलं, निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा एक असतो आणि उमेदवारनिहाय मतं त्यात मिळतात. पहिल्या दोन निवडणुका 'महाराष्ट्र' नावाखाली सापडणार नाहीत. १९५१-५२ आणि १९५७ साठी मुंबई राज्याचा अहवाल उघडावा लागतो. महाराष्ट्र म्हणून पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची.

दुसरं, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा नमुना २०. हा खरा ऐवज. मतदान केंद्रागणिक प्रत्येक उमेदवाराची मतं एकाच तक्त्यात असतात. तिसरं, जुनी वर्तमानपत्रं. पण ती आकड्यांसाठी नव्हे, संदर्भासाठी: बंडखोर कोण, कुणी माघार घेतली, युती कधी तुटली.

सांख्यिकी अहवालात एक मोठं भोक असतं: पोटनिवडणुका. ते अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे असल्यामुळे मधल्या पोटनिवडणुकीचा निकाल त्यात नसतो. तो वेगळ्या यादीत शोधावा लागतो. कसब्याला हे फार महागात पडतं, कारण इथल्या गोष्टीतली दोन वळणं पोटनिवडणुकीतच आहेत. १९९१ ला अण्णा जोशी लोकसभेवर गेले, जागा रिकामी झाली आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात बापटांना हरवून आले. डिसेंबर २०२२ मध्ये मुक्ता टिळक यांचं निधन झालं, २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान झालं आणि २ मार्चला धंगेकर निवडून आले. नुसते अहवाल बघून तक्ता केला तर १९९० भाजप, १९९५ भाजप अशी सरळ ओळ दिसते आणि मधला काँग्रेसचा आमदार गायबच होतो.

म्हणूनच २०२३ च्या निकालानंतर 'काँग्रेसने कसबा पहिल्यांदा जिंकला' असं जे काहींनी ठोकून दिलं, ते चूक. 'भाजपचा २८ वर्षांचा गड पडला' हे बरोबर, कारण मोजणी १९९५ पासून आहे.

पक्षाच्या रकान्यात घोळ होतो तो असा

अरविंद लेले १९७८ ला जनता पक्षाचे, १९८० ला भारतीय जनता पक्षाचे. भाजपची स्थापना ६ एप्रिल १९८० ची आणि महाराष्ट्राची निवडणूक त्याच वर्षीच्या मे अखेरची. पक्ष जेमतेम दोन महिन्यांचा होता. पक्षावरून गाळणी लावली तर १९७८ चा विजय वेगळ्या रांगेत जातो, माणूस मात्र तोच. त्याच काळात काँग्रेसच्याही दोन-दोन चुली होत्या: १९७८ ला काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या. २०२४ ला हीच तऱ्हा शिवसेना आणि राष्ट्रवादीची.

यावर उपाय सोपा आहे. पक्षाचे दोन रकाने करा. एकात त्या दिवशी मतपत्रिकेवर किंवा यंत्रावर जे नाव होतं ते जसंच्या तसं. दुसऱ्यात तुमचा गट: 'जनसंघ-जनता-भाजप', 'काँग्रेस', 'सेना' वगैरे. पहिला रकाना कधीही दुरुस्त करायचा नाही.

उमेदवाराच्या नावांसाठीही असाच एक स्थिर रकाना ठेवा. जुन्या अहवालात आडनाव आधी येतं, नव्यात नंतर. इंग्रजीतून आपोआप देवनागरी केलेल्या याद्यांत टिळकांचे 'तिलक' झालेले असतात. धंगेकर हे २००९ आणि २०१४ ला मनसेचे, २०२३ आणि २०२४ ला काँग्रेसचे. माणसाचा रकाना नीट असेल तरच ते चारही वेळा एका ओळीत येतात, आणि कसब्याची गोष्ट समजायला ते येणं फार गरजेचं आहे.

नमुना २० वाचताना

पीडीएफ उघडली की डावीकडे केंद्र क्रमांक, मग उमेदवारांचे रकाने, मग एकूण वैध मतं, नाकारलेली मतं, नोटा ('वरीलपैकी कुणीही नाही'ची मतं), एकूण आणि शेवटी टेंडर मतं. टेंडर मत म्हणजे मतदार केंद्रावर पोहोचला आणि त्याच्या नावावर आधीच कुणीतरी मत टाकून गेलेलं निघालं, तेव्हा त्याने कागदी मतपत्रिकेवर दिलेलं मत. ते मोजणीत धरत नाहीत. बेरजेत घेऊ नका.

उमेदवारांच्या रकान्यांचा क्रम दर निवडणुकीला बदलतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. मागच्या वेळचा 'तिसरा रकाना म्हणजे काँग्रेस' हा सूत्रातला जोड या वेळी एखाद्या अपक्षाला काँग्रेसची मतं देऊन मोकळा होतो. फाइल जोडण्याआधी रकान्यांना नावं द्या.

बेरीज जुळत नसेल तर दहातल्या आठ वेळा कारण टपाली मतं असतं. केंद्रनिहाय मतांच्या खाली यंत्रावरची एकूण मतं, त्याखाली टपाली मतं आणि मग अंतिम एकूण अशा तीन ओळी असतात. टपाली मतं कुठल्याच केंद्राची नसतात, त्यामुळे तुमची केंद्रांची बेरीज जाहीर निकालापेक्षा नेहमी कमीच येणार. तेवढ्याच फरकाने कमी आली तर वही बरोबर आहे.

उरलेल्या दोन वेळा दोष स्कॅनचा. जुन्या नमुना २० च्या प्रती तिरक्या, पुसट असतात आणि त्यातून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर देवनागरी १ ला ९, इंग्रजी 3 ला 8 करतं. प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज त्याच ओळीतल्या 'एकूण'शी पडताळा. प्रत्येक उभ्या रकान्याची खालच्या एकूणाशी. आडवी ओळ आणि उभा रकाना दोन्ही चुकत असतील तर जिथे ते छेदतात तो कप्पा दोषी. कसब्यासारख्या २७० केंद्रांच्या मतदारसंघात ही तपासणी सूत्राने पाच मिनिटांत होते. नजरेने केली तर दिवस जातो आणि तरी दोन चुका राहतात.

नोटाचा रकाना २०१४ पासूनच्या विधानसभेलाच दिसेल, कारण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१३ चा. नोटा वैध मतांत धरत नाहीत. टक्केवारी काढताना खाली वैध मतं घेतली की एकूण मतं, हे एकदा ठरवून पहिल्याच पानावर लिहून ठेवा. अनामत रक्कम वाचण्याचा एक षष्ठांशाचा हिशेब वैध मतांवर होतो.

आणि निकालाच्या दिवशीचा आकडा वहीत चढवू नका. २०२३ च्या पोटनिवडणुकीत धंगेकरांचं मताधिक्य त्या दिवशी कुठे १०,९०० च्या घरात, कुठे ११ हजारांच्या वर छापून आलं. कुणी शेवटची फेरी धरली, कुणी टपाली मतं धरली नाहीत, असं दरवेळी होतं. त्यामुळे खाली त्या निवडणुकीसाठी 'सुमारे ११ हजार' एवढंच म्हटलंय. नेमका आकडा नमुना २० वरून उतरवून घ्या.

मताधिक्य आणि मतहिस्सा: दोन वेगळ्या गोष्टी

आता २००९ पासूनचे पाच निकाल समोर घ्या.

२००९: बापट ५४,९८२; मनसेचे धंगेकर ४६,८२०; काँग्रेसचे रोहित टिळक ४६,७२८.
२०१४: बापट ७३,५९४, काँग्रेसचे रोहित टिळक ३१,३२२.
२०१९: मुक्ता टिळक ७५,४९२, काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७,२९६.
२०२३: धंगेकर ७३ हजारांच्या वर, रासने ६२ हजारांच्या वर.
२०२४: रासने ९०,०४६; धंगेकर ७०,६२३.

नुसती मताधिक्यं लिहिली तर भाजपचा आलेख असा दिसतो: ८,१६२, मग ४२,२७२, मग २८,१९६, मग सुमारे ११ हजारांनी पराभव, मग पुन्हा १९,४२३. २०१४ ला शिखर, २०१९ ला घसरण, २०२३ ला कोसळणं. बऱ्याच विश्लेषणांत हेच लिहिलेलं असतं.

आता शेजारच्या रकान्यात मतहिस्सा काढा. २००९ ला बापटांना ३७ टक्क्यांच्याही आत मतं होती. पहिल्या तिघांचीच बेरीज १,४८,५३० येते, त्यावरून हे कळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक अवघा ९२ मतांचा. २०१४ ला हिस्सा ४७ टक्क्यांच्या आसपास, २०१९ ला पन्नाशीला टेकलेला. म्हणजे २०१४ वरून २०१९ ला मताधिक्य चौदा हजारांनी घटलं, हिस्सा मात्र वाढला. घसरण झालीच नव्हती.

मग ४२ हजार कुठून आले? २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही ऐन अर्ज भरायच्या वेळेला मोडल्या आणि सगळे सुटे लढले. काँग्रेसच्या ३१ हजारांशिवाय मनसेला २६ हजारांच्या आसपास, राष्ट्रवादीला १५ हजारांच्या वर, शिवसेनेला ९ हजारांच्या वर मतं गेली. चौघांची बेरीज बापटांच्या पुढे जाते. दुसऱ्या क्रमांकाची मतं चार ताटांत वाढली गेली, म्हणून पहिल्याचं ताट एवढं भरलेलं दिसलं. मताधिक्य हे बऱ्याचदा विजेत्यापेक्षा दुसऱ्या क्रमांकाबद्दलच जास्त सांगतं.

म्हणून वहीत आणखी एक रकाना हवाच: 'ताकदीचे उमेदवार'. पाच टक्क्यांच्या वर मतं घेणारे किती होते तेवढा आकडा. २००९ ला तीन, २०१४ ला पाच, २०२३ ला दोन. हा रकाना भरला की अर्ध्या वल्गना आपोआप गळून पडतात.

इथे एक सावधगिरी. 'विरोधकांची बेरीज' ही वापरायला गोड आणि धोकादायक गोष्ट आहे. २००९ ला मनसे आणि काँग्रेसची मिळून ९३,५४८ मतं होती म्हणून ते एकत्र असते तर बापट पडले असते, हे गणित कागदावरचं. मनसेचा मतदार दुसरा पर्याय म्हणून काँग्रेसकडे गेला असता की भाजपकडे, हे बेरीज सांगत नाही. आमच्या मते बराचसा भाजपकडे गेला असता. बेरीज करा, पण तिच्या शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा.

२०१९ ते २०२४: मतं कुठून आली, कुठे गेली

२०२३ चा निकाल हा मतांतराचा उत्तम धडा आहे. काँग्रेसची मतं ४७ हजारांवरून ७३ हजारांवर गेली, म्हणजे २६ हजारांची वाढ. भाजपची घट सुमारे १३ हजार. मग उरलेली १३ हजार कुठली? २०१९ ची यादी पुढपर्यंत वाचली की सापडतात. त्या वर्षी शिवसेनेच्या बंडखोराने १४ हजारांच्या घरात आणि मनसेने ८ हजारांच्या वर मतं घेतली होती. २०२३ ला हे दोन्ही रकाने रिकामे होते आणि सेनेचा ठाकरे गट काँग्रेसबरोबर होता. 'भाजपचे मतदार काँग्रेसकडे वळले' हे त्यामुळे अर्धंच उत्तर ठरतं.

२०२४ अजून बोलका. धंगेकरांना पोटनिवडणुकीत ७३ हजारांच्या वर, लोकसभेला कसब्यातून ७३ हजारांच्या आसपास आणि नोव्हेंबरमध्ये ७०,६२३. पावणेदोन वर्षांत तीन निवडणुका झाल्या आणि त्यांची मतं जवळपास जागच्या जागी राहिली. हललं ते दुसऱ्या बाजूला: भाजपची मतं ६२ हजारांवरून लोकसभेला ८७ हजारांवर आणि मग ९० हजारांवर गेली. दोन्ही प्रमुख उमेदवारांची एकूण मतं २०२३ ला सुमारे १ लाख ३५ हजार होती, २०२४ च्या विधानसभेला १,६०,६६९. पोटनिवडणुकीला घरी बसलेले पंचवीस हजार लोक बाहेर आले आणि जवळजवळ सगळे एकाच बाजूला गेले, असंच हे आकडे वाचावे लागतात. म्हणूनच पोटनिवडणुकीच्या टक्केवारीला सार्वत्रिकच्या टक्केवारीशी थेट भिडवू नये. आधी किती लोक आले ते बघावं. २०२३ ला कसब्यात मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपासच होतं.

लोकसभेचे आकडे वापरायचे तर पुण्याचा एकूण निकाल उपयोगाचा नाही. २०२४ ला भाजपचे मुरलीधर मोहोळ पुण्यातून १,२३,०३८ मतांनी आले, पण पुणे लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रं आहेत. लोकसभेचा नमुना २० विधानसभा क्षेत्रानुसार वेगळा काढलेला असतो, त्यातला २१५ चा भाग घ्या. तिथे मोहोळांची आघाडी १४ हजारांच्या वर दिसते.

पेठांचे गट पाडणं

इतक्यापर्यंत आकडे पुरतात, पुढे पायपीट लागते. कसबा म्हणजे एक वस्ती नव्हे. शनिवार-सदाशिव-नारायण ही पश्चिमेकडची पेठ वेगळी, कसबा-सोमवार वेगळी, रविवार-रास्ता पेठेची व्यापारी गर्दी वेगळी आणि महात्मा फुले पेठेकडचा भाग आणखी वेगळा. सहा ते आठ गट पुरेत. त्याहून जास्त केलेत तर प्रत्येक गटात इतकी कमी केंद्रं उरतात की दोन इमारतींच्या मतदानाने गटाचा कल फिरतो.

केंद्र गटात घालताना इमारतीचा पत्ता बघू नका. शाळा एका पेठेत असते आणि मतदार रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या पेठेतले. मतदार यादीच्या त्या भागाच्या पहिल्या पानावर परिसराचं वर्णन असतं, त्यावरून गट ठरवा. यादीचा भाग क्रमांक आणि केंद्र क्रमांक सहसा एकच असतो. आतली नावं आपल्या कामाची नाहीत, पहिलं पान आणि शेवटची मतदारसंख्या एवढंच घ्या. नमुना २० मध्ये केंद्रावरची मतदारसंख्या बहुतेकदा नसते, त्यामुळे केंद्रनिहाय टक्केवारीसाठी हीच लागते.

तीच टक्केवारी जुन्या पेठांत मुळातच कमी दिसते हे धरून चाला. वाडे पाडून इमारती झाल्या, लोक कोथरूडला, सिंहगड रस्त्याला गेले आणि बऱ्याच जणांची नावं जुन्याच यादीत राहिली. केंद्रावर ४० टक्के मतदान झालं म्हणजे तिथे राहणाऱ्यांपैकी ६० टक्के घरी बसले, असं होत नाही.

केंद्र क्रमांकावरून दोन निवडणुका जोडणं ही सगळ्यात महागडी चूक. प्रत्येक मोठ्या निवडणुकीआधी केंद्रांचं सुसूत्रीकरण होतं. २०२४ ला एका केंद्रावर १,५०० मतदारांची कमाल मर्यादा होती. त्याच्या वर गेलं की केंद्र फुटतं, नवा क्रमांक येतो किंवा 'अ' लावून साहाय्यकारी केंद्र होतं, आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. ११२ ची तुलना ११२ शी केली तर कदाचित तुम्ही दोन वेगळ्या गल्ल्यांची तुलना करत असाल. इमारतीचं नाव, खोली आणि परिसराचं वर्णन या तिन्हींवरून जोडा. जिथे जुळत नाही तिथे केंद्र सोडून गटाच्या पातळीवर तुलना करा.

महापालिकेचे आकडे जोडायचा मोह होईल. २०१७ च्या रचनेत पुण्यात ४१ प्रभाग आणि १६२ जागा होत्या. एका मतदाराने एकाच प्रभागात तीन-चार मतं द्यायची. पक्षाची मतं त्यामुळे मतदारांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. शिवाय प्रभागाची हद्द विधानसभेच्या हद्दीला सगळीकडे चिकटत नाही. जोडायचंच तर प्रभागातल्या एकाच जागेची मतं घ्या आणि कुठली घेतली ते लिहा.

फेऱ्यांच्या बातम्या वाचायलाही हेच गट उपयोगी पडतात. मोजणी १४ टेबलांवर चालते. २७० भागिले १४ म्हणजे १९ फेऱ्या आणि थोडी उरते, म्हणून २०२३ ला कोरेगाव पार्कच्या गोदामात २० फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत केंद्र १ ते १४, दुसरीत १५ ते २८, असं ते सरकत जातं, आणि केंद्रांचे क्रमांक साधारण भौगोलिक क्रमानेच असतात. त्यामुळे पाचव्या फेरीला कुणी आघाडीवर असणं म्हणजे वारं फिरणं नव्हे, त्याच्या पेठेची यंत्रं त्या वेळी टेबलावर असणं. वहीत प्रत्येक चौदा ओळींनंतर एक पुसट रेघ मारून ठेवा. पुढच्या मोजणीच्या दिवशी आदल्या निवडणुकीतली त्याच भागाची बेरीज शेजारी ठेवली तर सातव्या-आठव्या फेरीला, तीही फक्त त्या पेठांपुरती, दिशा सांगता येते.